कळशी विमानात बसली

मुरूमहून निघताना आईनं एकच गोष्ट दोनदा सांगितली. "बुधवारी मी माळवदावर उभी ऱ्हाते. खिडकीतून हात कर." हैदराबादहून मुंबईला जाणारं विमान आमच्या मुरूम-उमरग्याच्या अंगानंच जातं, असं काकांना एका आडत्यानं सांगितलं होतं. माळवद (घरावरचं मातीचं सपाट धाबं) तसं बुटकंच. पण आईच्या मते तेवढी उंची पुरेशी होती.

काकांचा तूरडाळीचा व्यापार. मुंबईत एका गोऱ्या साहेबाला डाळीचे नमुने दाखवायचे होते, आणि मी सोलापूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून बोलायला मी. शारदा, काकांची मुलगी, नुसता हट्ट करून निघाली होती. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही. सामान सांभाळायला विमानतळापर्यंत मुनीम शिवप्पामामा होते. मोटारीत त्यांच्या मांडीवर पाण्यानं भरलेली तांब्याची कळशी होती, तोंडाला फडकं बांधलेली. काका आमच्या विहिरीशिवाय दुसरं पाणी पीत नाहीत आणि लिंगपूजेलाही तेच लागतं.

हुमनाबादला मोटार थांबली. आम्ही झाडाखाली कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाल्लं. तेवढ्यात शारदानं शेजारच्या म्हातारीशी ओळख काढून दोन पेरू मिळवले. त्यातला एक तिनं मला दिला. तो गोड होता, याचाही मला राग आला.

विमानतळ म्हणजे शहराबाहेरचं प्रचंड काहीतरी, अशी माझी कल्पना. हैदराबादला मोटारीतून उतरून केलेला टांगा वस्तीतूनच वळला आणि थांबला. बैठी पांढरी इमारत, दारात शेवंतीच्या कुंड्या, कुंपणापलीकडे घरांच्या गच्चीवर वाळणारे कपडे. आत सगळे कामाचे लोक. शेरवानीतले, सुटातले, हातात चामड्याच्या बॅगा. मुंबईला जाऊन येणं त्यांना बाजारात जाऊन आल्यासारखं असावं. कुणी विमानाकडे पाहतसुद्धा नव्हतं. मी मात्र पाहत होते. नाक वर करून ते उन्हात उभं होतं, दोन पंखांवर दोन चक्रं, आणि गोल कडांच्या लहान लहान खिडक्या. पुढून तिसरी मी मनात धरून ठेवली.

मग काटा आला. तिथं सामानाबरोबर माणसांचंही वजन करतात.

"माणसाला काट्यावर?" काका मागं सरले. "नवस बोललाय व्हय कुणी? का गुळाची तुला करायलाव?"

रुमी टोपीतला कारकून हसला. "सबका होता, सेठ. वजन ज्यादा हुआ तो उडता नई."

काका बसले. शारदा बसली, आणि उतरताना कारकुनाला म्हणाली, "भैया, काटा बराबर है ना? सुबह से कुछ खाया नई मैं." तो पुन्हा हसला. मी बसले, कुणी हसलं नाही. मग ट्रंक, डाळीच्या पिशव्या आणि शेवटी कळशी. कारकुनानं बोट नाचवलं. जास्त होत होतं. विमान भरलेलं होतं; काहीतरी कमी करावं लागणार.

"डाळ न्हाय ठेवता येत," काका म्हणाले. "त्याच्यासाठीच चाललोय."

"पानी?" कारकुनानं विचारलं. "बंबई में पानी नई मिलता क्या?"

काकांचा चेहरा असा झाला, की त्यानं पुन्हा विचारलं नाही. मागच्या टेबलाशी एक गोरा अधिकारी होता. काका माझ्याकडे वळले. "सांग की त्याला इंग्रजीत. पूजेचं पाणी हाय म्हणावं."

वाक्य माझ्याकडे तयार होतं. वाटेत अशी कितीतरी वाक्यं मी तयार करून ठेवली होती. साहेबानं वर पाहिलं. मी "प्लीज" म्हणाले. तो थांबला. मीही थांबले.

"इथं बोलंना, ती मुंबईत काय बोलणार?" काका रागावले नव्हते, हिशेबानं बोलत होते. "तिथल्या आडत्याचा पोरगा बोलंल. ही ऱ्हायली की कळशी बसती. शिवप्पा, हिला घेऊन माघारी जावा."

शारदा म्हणाली, "अप्पा, मी ऱ्हाते की. तिला नेवा." खरं सांगते, मनापासून म्हणाली. काकांनी ऐकलं नाही, आणि ती चांगली वागली म्हणून मला ती जास्तच नकोशी झाली.

कुंपणाशी उभं राहून मी पाहिलं. आधी कळशी चढली, एका हमालाच्या कडेवर, एखाद्या लेकरासारखी. मग शारदा. तिसऱ्या खिडकीत तिचा हात दिसला. मी हात केला नाही. विमान गच्च्यांवरून, वाळत्या कपड्यांवरून गेलं आणि लगेच लहान झालं.

"होगली बिडु, अक्का," (जाऊ दे) शिवप्पामामा म्हणाले. "त्येंच्या मांडीवर कळशी, माझी मांडी मोकळी. माझी तर चैन झाली." मला हसू आलं नाही. परतीची मोटार उकडलेली, धुळीची. विमानानं केव्हाच मागं टाकलेली वाट मी गावं मोजत कापली. हुमनाबादला झाडाखाली ती म्हातारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दारात उभी राहिले, तर आईच्या हातातलं सूप खाली पडलं.

"तू? तू तर काल वरून गेलीस!"

मी सांगितलं.

"अगं, मी ताट घेऊन माळवदावर गेले हुते. काकू बी हुती. तिनं तिच्या दोघांना ओवाळलं, मी तुला. लई उंच, घारीएवढं दिसलं. मग मी ओवाळलं कुणाला?"

"शारदाला," मी म्हणाले. "आणि कळशीला."

आई हसली नाही. पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण तिचं समाधान होईना. आत जाऊन तिनं निरांजन पुन्हा लावलं आणि मला उंबऱ्यातच थांबवलं. गल्लीतल्या बाया बघत होत्या. मोटारीनं आलेल्या मुलीला कुणी ओवाळत नाही.

मुंबईहून शारदा येईल, तेव्हा सगळं मुरूम तिच्याभोवती बसेल. ते मला आत्ताच दिसत होतं आणि सोसत नव्हतं. पण आईनं ताट जवळ आणलं तेव्हा ज्योतीची धग गालाला लागली. एवढ्या उंचावर शारदाला ती लागली नसणार, याचं मला फार बरं वाटलं.