जयलालदाइंचा नऊचा अंदाज

नेपाळच्या डोंगरातल्या जुम्ल्याच्या धावपट्टीवर जयलाल रोकाया सतरा वर्षं हवामानाच्या नोंदी घेत होते. मी वायरलेसवर होतो आणि त्यांना दाइ, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचो. हिवाळ्यात नदीवरून धुकं चढून सगळं खोरं भरायचं. ते कधी उठेल हे दाइंनी सांगायचं, मी खाली मैदानातल्या नेपालगंजला कळवायचं, मग तिथून विमान निघायचं. दाइ फार चुकल्याचं मला आठवत नाही.

त्या पौषात पहाटेच बेलमती बुढा या गरोदर बाईला डोलीतून धावपट्टीवर आणलं. पोटात बाळ आडवं होतं, आणि पोट कापून बाळंत करायची सोय तेव्हा नेपालगंजलाच होती. दाइंनी सात वाजता तापमापी पाहिली. उणे पाच, वारा नाही.

"नऊला उठेल," ते म्हणाले.

नऊला धुकं उलट दाटलं. तारांवर, कुंपणावर, दाइंच्या मिशांवरसुद्धा बर्फाचे काटे उभे राहिले.

"दाइ, काय कळवू?"

"थांब जरा. सगळं रोजच्यासारखंच आहे, मग उठत का नाही हे?"

बेलमतीचा सासरा धनरूप दारात उभा होता. "रोज तुमचं खरं होतं. आमच्याच वेळी बरं बिनसलं."

 तापमापी आणि वॉकीटॉकी खिशात घालून दाइ धुक्यातूनच डोंगर चढू लागले. अर्ध्या तासाने वॉकीटॉकीवर त्यांचा धापा टाकणारा आवाज आला.

"इथे वरच्या कुरणावर धुकं नाही. शून्याच्या वर तीन आहे. पण सूर्यावर पातळ ढग आलाय, खालून तो दिसलाच नसता. एवढ्याशा उन्हाने खालचं धुकं हटायचं नाही. हेलिकॉप्टर मागव, तिला वर आणा."

आठ जणांनी डोली उचलली, मीही मागोमाग गेलो. पाय घसरत होते, बेलमती कण्हत होती. अकराच्या सुमाराला हेलिकॉप्टर तिला घेऊन उडालं. त्याचा आवाज विरतो न विरतो तोच खिंडीतून वारा सुटला आणि दहा मिनिटांत खोरं मोकळं झालं. खाली धावपट्टी लख्ख दिसत होती.

धनरूप म्हणाला, "हे काय, रोकायाजी? उगीच चढवलंत की आम्हाला."

"हो. म्हणजे... कोण जाणे."

दुपारी निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप. धनरूपने दाइंचे हात धरले. दाइ हसले, पण मन दुसरीकडेच होतं. वहीत त्यांनी धुकं उठल्याची वेळ लिहिली आणि कारणाची जागा कोरी ठेवली.

"ढग तर तसाच होता रे, तरी वाऱ्याने धुकं उठलं," ते मला म्हणाले. "मग रोजचा हा वारा आज उशिरा का आला? आणि रोज तरी धुकं उन्हानेच उठत होतं का?"