आक्काचा छोटा ट्रॅक्टर आणि गार बॉनेट

आक्का गेली. माझा एकोणचाळीस हजारांचा हिशोब आज बंद झाला.

हिशोब सांगून टाकतो. मी दिलेला ट्रॅक्टर पंचावन्न हजारांचा. बदल्यात आक्काचा जुना घेतला, त्याच्या इंजिनाला तेरा लागले आणि तो गेला एकोणतीसला.

एवढा खड्डा मी दुसऱ्या कुठल्याच सौद्यात खाल्ला नाही.

नवीन मित्रांसाठी सांगतो. अंबडची नोकरी सोडून मी जुन्या ट्रॅक्टरच्या धंद्यात पडलो. हायवेला भाड्याचा प्लॉट, पत्र्याचं शेड, एक मेकॅनिक. शिक्षण नव्हतं, कान होते.

माझा नियम एकच. ट्रॅक्टर थंड बघायचा. गरम इंजिन सगळ्यांशी गोड बोलतं.
म्हणून पोचलो की आधी बॉनेटवर हात, मग सेल्फ, मग डोळे मिटून ऐकायचं.

नव्वदच्या दशकात छोट्या ट्रॅक्टरला कोणी विचारत नव्हतं. सगळ्यांना पस्तीस एचपी पाहिजे. थोडा नांगरटीसाठी, बाकी दारात दिसायला. सोयरिकीला आलेले पाहुणे आधी टायर बघायचे.
अठरा-वीस एचपीच्या जुन्याला लोक खेळणं म्हणायचे.

तसलं एक खेळणं आक्काकडे होतं. देवळ्याच्या अलीकडे वस्ती, तीन एकर कांदा, नवरा वारलेला. नवऱ्यामागे ती स्वतः चालवायला शिकली. मोठ्या ट्रॅक्टरच्या क्लचला तिचा पाय पुरत नव्हता, याच्या क्लचला पुरायचा.

पण इंजिन थकलेलं. सकाळी थंड असलं की सेल्फला घ्यायचं नाही, धक्का लागायचा. धक्का मारायला दीर नाना आणि त्याची पोरं. ती यायची अकराला, कधी बाराला, कधी नाहीच.

"वहिनी, टाका विकून," नाना म्हणायचा. "आमच्या मोठ्या ट्रॅक्टरनं करून देऊ ना तुमचं."

दोन वर्षं तो करून देणार, तिसऱ्या वर्षी बांध सरकणार. आक्काला हे कळत होतं.

एक दिवस ती एसटीनं माझ्या प्लॉटवर आली. तसाच छोटा, पण चांगल्या कंडिशनचा ट्रॅक्टर माझ्याकडे उभा होता. चढून बसली. क्लच दाबून बघितला. सेल्फ मारला, पहिल्या फटक्यात चालू.

"भाऊ, बदल्यात बदल. वर पैसा नाय माझ्याकडं."

"आक्का, तुमचा थंड इंजिनावर पहिल्या सेल्फला घेतला, तर बदल्यात बदल. नाही घेतला तर वर वीस हजार."

"या मग परवा. सकाळचं या."

गेलो. अंगण झाडलेलं, ताजं ओलं. ट्रॅक्टर लिंबाखाली. चार खुरपणाऱ्या बाया ओट्यावर चहा पीत बसलेल्या, माझ्याकडे एकटक बघत.

बॉनेटला हात लावला. गार.
सायलेन्सरला लावला. गार.

आक्का वर चढली. सेल्फ मारला.
लगेच घेतलं. ना खोकला, ना धूर. मी डोळे मिटून ऐकलं आणि म्हटलं, "सौदा पक्का."

ओट्यावरच्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, लाजली.

दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टर माझ्या प्लॉटवर चालूच होईना. मेकॅनिकनं हेड उघडलं. स्लीव्ह-पिस्टन पार गेलेले. माझ्याकडे बघून म्हणाला, "शेठ, तुम्ही ऐकलं होतं ना?"

काय सांगणार? म्हटलं, "ऐकलं होतं रे. कळलं होतं. पण एकटी बाई आहे, म्हटलं जाऊ दे."

ते वाक्य माझ्याआधी बाजारात पोचलं.
लोक म्हणायला लागले, शेठनं मन मोठं केलं. गिऱ्हाईक वाढलं. खोटं कशाला बोलू, त्या नावावर मी दहा वर्षं धंदा केला.

पुढे आक्का एकदा देवळ्याच्या बाजारात भेटली. स्वतःच म्हणाली.

"पहाटेच चालू केला व्हता. चौघींनी मिळून धक्का मारला. अर्धा तास पळवला. मंग बॉनेटवर, सायलेन्सरवर ओली गोणपाटं. तुमची जीप वळणावर दिसली, तव्हा काढली."

माझा हात आपोआप कानाकडे गेला.

"तुम्ही लोकांना काय सांगता ते कानावर आलं माझ्या," ती म्हणाली. "सांगा. तुमचं नाव व्हतंय, माझा बांध ऱ्हातोय. मी कुठं बोलत नाय."

खरंच बोलली नाही. कधीच नाही.

मग वारं फिरलं. द्राक्षवाल्यांना वेलींच्या दोन ओळींतून जाणारा अरुंद ट्रॅक्टर पाहिजे झाला. ज्याला खेळणं म्हणायचे, त्याला मोठ्याच्या बरोबरीनं भाव. मी आक्काकडे गेलो, लाख रुपये बोललो.

"चहा घ्या भाऊ. ट्रॅक्टर नाय."

आता तर फार्महाऊसवाले शोभेसाठी मागतात. व्हिंटेज म्हणतात. रेट विचारायला अजून फोन येतात. मी थकलोय. प्लॉट सोडला, उजव्या कानाला मशीन लागलंय. भाव सांगतो आणि ठेवतो.

आज मातीला गेलो होतो. तो ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता, धुतलेला. तीन एकर जागेवर. बांधही जागेवर.

नानाचा मोठा पोरगा माझे हात धरून सगळ्यांसमोर म्हणाला, "शेठ, तुम्ही तव्हा कळून-सवरून सोडलं, म्हणून काकूची जमीन राहिली."

त्या चौघींपैकी एक, आता म्हातारी, भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही.

मीही बोललो नाही. म्हणून इथे लिहितोय.

आक्का, या धाकट्या भावाचा शेवटचा नमस्कार. जमीन तुम्ही राखली. माझा त्यात काही हात नाही.

मला काहीच कळलं नव्हतं. अंगण ओलं दिसलं, मला वाटलं सडा टाकलाय.