सनाचं आकाश

बॉनला जर्मनच्या वर्गात मी दोघींच्या मध्ये बसायचे. डावीकडे येमेनच्या राजधानीची, सनाची एक फार्मासिस्ट, नवऱ्याच्या पीएचडीमुळे इथे आलेली. उजवीकडे सौदीची, तिचा नवरा इथल्या हॉस्पिटलात सर्जरी शिकत होता. मीही नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून आलेले. त्यामुळे तिघींची अवस्था एकच, घरी शिकलेलं सगळं इथे बिनकामाचं. सौदीची थर्मासमधून वेलदोड्याची कॉफी आणायची. सनाची एक घोट घेऊन म्हणायची, "कॉफी आमची, मिरवता तुम्ही." मग दोघी अरबीत काहीतरी बोलून इतक्या हसायच्या की बाई फळ्यावर डस्टर आपटायच्या.

दोन हजार पंधराच्या मार्चमध्ये सौदीच्या विमानांनी सनावर बॉम्ब टाकायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी दोघीही वर्गाला आल्या. जागा बदलल्या नाहीत. फक्त बोलणं माझ्यामार्फत होऊ लागलं. "तिला विचार, तिची आई बरी आहे ना." "तिला सांग, आहे." सनाचीची आई तिकडेच होती, तिच्या किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं. सौदीचीचा भाऊ सैन्यात, येमेनच्याच सीमेवर होता. हे मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं.

एकदा बाईंनी फोनवरचे संवाद करायला लावले. घरी फोन लावलाय असं समजून हवापाण्याची चौकशी करायची. सनाचीची पाळी आली. ती म्हणाली, "आमच्याकडे आज आकाश अगदी स्वच्छ आहे."

"वुंडरबार, छान!" बाई म्हणाल्या.

"नाही. ढग नसले की विमानं येतात."

त्या दिवसापासून ती मागच्या बाकावर बसू लागली.

उन्हाळ्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोघींना चहाला बोलव. मी चार जावांचं घर सांभाळलंय. समोरासमोर बसल्या की माणसं निवळतात."

"अहो आई, हे घरातलं भांडण नाहीये."

"बोलव तर खरं."

मी बोलावलं, आणि नवल म्हणजे दोघी आल्या. सासूबाईंनी शिरा केला होता. दोघींनी तो मागून घेतला. अर्धा तास मुलांच्या शाळा आणि घरमालकांच्या तक्रारी चालल्या. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात सौदीचीने बशी खाली ठेवली.

"माझा भाऊ विमानं उडवत नाही," ती म्हणाली. "तो सीमेवर उभा असतो. तिकडूनही तोफा डागतात. हे कुणी विचारतच नाही."

सनाचीनेही बशी खाली ठेवली. "आणि माझी आई? ती कुठल्या सीमेवर उभी आहे?"

ती उठली, सासूबाईंच्या पाया पडल्यासारखी वाकून त्यांचे हात हातात घेतले आणि निघून गेली. "काय गं म्हणाली ती?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं, उशीर झालाय म्हणाली.

पुढच्या वर्षी वसंतात कुवेतमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. सनाची बदलूनच गेली. मला म्हणाली, "युद्ध थांबलं की आईला विमानाने जॉर्डनला, अम्मानला नेऊ. तिथे चांगलं डायलिसिस मिळेल." अम्मानच्या हॉस्पिटलला तिने पत्रंही लिहिली. रोज बातम्या बघायची. कोण बैठकीला आलं, कोण रागावून उठलं, कोण परत येऊन बसलं, सगळं तिला पाठ. ऑगस्टमध्ये बोलणी मोडली आणि त्याच आठवड्यात सनाचा विमानतळ बंद झाला. सामान मिळेना म्हणून आईचं डायलिसिस तीनदाचं दोनदा झालं, मग एकदा. ऑक्टोबरात आई गेली.

सौदीची माझ्याकडे आली. हातात भाताचं मोठं पातेलं, डोळे सुजलेले. "तिच्याकडे एकटीने जायचा धीर होत नाही. तू चल." आम्ही गेलो. चौथा मजला, लिफ्ट नाही. दार सनाचीनेच उघडलं. दोघी बराच वेळ अरबीत हळू आवाजात बोलल्या. मग माझ्याकडे वळून, मलाही कळावं म्हणून बहुधा, सनाची जर्मनमध्ये म्हणाली, "ती मनापासून आली आहे, मला दिसतंय ते. पण माझ्या आईसाठी तिने माझ्या घरात बसून रडावं, हे मला सहन होणार नाही." आणि दार लावून घेतलं. आपटलंही नाही.

सौदीची जिन्यातच बसली. "मी काय करायला हवं होतं?" तिने दोनदा विचारलं. पातेलं आम्ही दोघींनी एकेका कानाला धरून खाली आणलं.

त्या हिवाळ्यात तिचा भाऊ सीमेवर मारला गेला. मी वेड्या आशेने सनाचीला ते सांगायला गेले. ती कपडे वाळत घालत होती.

"किती वर्षांचा होता?"

"एकोणतीस."

तिने एक छोटा शर्ट झटकून तारेवर टाकला. "यापुढे मला असं काही सांगत जाऊ नकोस," ती म्हणाली.

सौदीची पुढे रियाधला परत गेली. मला निरोपाचा मेसेज आला, त्यात सनाचीचा उल्लेखही नव्हता. बोलणी नंतरही होत राहिली, वेगवेगळ्या शहरांत. पेपरातल्या फोटोंत हात मिळवलेले दिसायचे. मी ती पानं न वाचताच उलटू लागले.

एकदा सनाची मला ट्रामच्या थांब्यावर दिसली. केस बरेच पांढरे झाले होते, सोबत मुलगी होती. तिने मला पाहिलं नव्हतं. काय बोलणार होते मी? कशी आहेस? घरी सगळे कसे आहेत? मी जाहिरातीच्या फलकामागे सरकले आणि फोन कानाला लावला. ट्राम आली, त्या दोघी चढल्या. मलाही तीच ट्राम हवी होती. मी पुढच्या ट्रामसाठी थांबले.