खिडकीतली ओंजळ

आमच्या चर्चमधली रंगीत काचेची खिडकी बघून लोक अजून वाहवा करतात आणि माझं डोकं फिरतं. ती मीच केली. मी पाळक. रविवारी उपदेश करायचा आणि बाकीचे दिवस काचा कापायच्या, यात माझं आयुष्य गेलं. नगरच्या शाळेत एका गोऱ्या साहेबानं मला हे काम शिकवलं होतं. हिऱ्याच्या कलमानं काच कापायची, चेहरे आणि हात काळ्या रंगानं रेखून भट्टीत भाजायचे, मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांध्यांना डाख द्यायचा. माझी जामखेडकडच्या गावात बदली झाली तेव्हा महायुद्ध चालू होतं. विलायतेहून काच येणं बंद. जवळ अर्धी पेटी उरली होती, तेवढ्यात जे होईल ते करायचं होतं.

विषय मीच निवडला. दमलेला प्रभू विहिरीच्या काठावर बसतो आणि जिच्या हातचं त्याच्या जातीचे लोक पीत नसत, त्या बाईकडे पाणी मागतो. ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढायचा. चढणारच! त्या कोरड्या मुलखात उपदेश करत हिंडताना मला एकाही विहिरीला हात लावता येत नव्हता. अंगात पांढरा झगा असला तरी बाप महारवाड्यातला. मळ्यातला माणूस आधी विचारायचा, "कोन तुमी?" मग मी उकिडवं बसायचं, ओंजळ करून मनगटं ओठांना लावायची आणि त्यानं कळशी उंच धरून वरून पाणी सोडायचं. भांडं बाटायला नको ना! मनात शिव्या यायच्या आणि तोंडानं मी म्हणायचो, "देव तुमचं भलं करो."

दोन महिने खपून खिडकी तयार झाली. ती मी चर्चच्या ओसरीवर उजेडात उभी करून ठेवली. मांगवाड्यातली एक म्हातारी, आमच्याच मंडळीतली, चर्च झाडायला यायची. हातातला खराटा तसाच धरून ती खिडकीपुढे बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, भारावली.

"देवाला बी वरनंच वततात व्हय?" तिनं विचारलं.

मी बघितलं. बाई उभी, कळशी उंच धरलेली. खाली प्रभू उकिडवा बसलेला, ओंजळ ओठांशी. असं काढ म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी पिणारा माणूस म्हटला की माझ्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

मी तिच्यावरच खेकसलो. "म्हातारे, तुला चित्रातलं काय कळतं? पाणी असंच पितात."

"पितात की. तुमच्या दारात मी बी अशीच पिते. मला वाटलं, देवाचं तरी येगळं आसंल." एवढं बोलून ती झाडायला लागली.

खरं होतं ते. महारवाड्यातून चर्चमध्ये आलेले आम्ही, मांगवाड्यातून आलेल्यांना घरचं भांडं देत नव्हतो. माझी बायको दारात उभी राहून त्यांच्या ओंजळीत वरून पाणी घालायची आणि आत बसून मी विहिरीवरच्या बाईवर उपदेश लिहायचो. आधी मला म्हातारीचा संताप आला, मग बायकोचा. त्यानंतर संतापायला मी एकटाच उरलो.

खिडकी बसवून देवाला अर्पण करायच्या, म्हणजे प्रतिष्ठेच्या, उपासनेला आठ दिवस होते. मला काचकाम शिकवणारे साहेब नगरहून खिडकी बघायला आले आणि म्हणाले, "फारच सुंदर! अगदी देशी!" मी म्हटलं, "चुकलंय. हात काढून टाकणार आहे." ते म्हणाले, "नको, नको. ही तुमची रीत किती मनोहर आहे!" मनोहर! जन्मात कधी याला कुणाच्या दारात उकिडवं बसावं लागलं होतं? चर्चच्या पंचमंडळींचंही तेच. काच मिळत नाही, दिवस थोडे आहेत, कशाला खाजवून खरूज काढता?

मी कुणाचं ऐकलं नाही. भर दुपारी शिशाच्या पट्ट्या उकलून ती ओंजळ बाहेर काढली आणि पायरीवर आपटून फोडली. अंगाच्या रंगाच्या काचेचा एकच तुकडा शिल्लक होता. तो भट्टीत तडकला असता तर प्रभूला हातच राहिले नसते. भट्टी थंड होईपर्यंत मी तिच्यापुढून हललो नाही. तुकडा शाबूत निघाला. नव्या हातांत प्रभूनं बाईची कळशी घट्ट धरली आणि तिच्या काठाला तोंड लावलं. त्यासाठी कळशीही खाली आणून नव्यानं करावी लागली; तिला काच उरली नव्हती म्हणून औषधाची तपकिरी बाटली फोडून तुकडे जुळवले. आज लोक वाहवा करतात ती त्याच तपकिरी रंगाची.

प्रतिष्ठेच्या रविवारी त्या खिडकीखाली उभं राहून मी घसा फाडून बोललो. उपासना संपल्यावर म्हातारी आमच्या दाराशी आली. ऊन मी म्हणत होतं. मी बायकोला बाजूला सारलं, घरातला पितळी तांब्या भरून आणला आणि मंडळींच्या देखत तिच्यापुढे धरला.

"धर मावशी. तोंड लावून पी."

तिनं तांब्याकडे बघितलं. मग ती उकिडवी बसली आणि मनगटं ओठांना लावली.

"मावशी, धर म्हणतोय ना!" मी ओरडलो.

"वता की पाळकसायब," ती खाली बघतच म्हणाली. "घसा वाळलाय माझा. तुमचा राग जाईस्तवर किती येळ बसू?"

सगळे बघत होते. मी ओतलं. वरून.