गुऱ्हाळावरची सकाळ

परवा शिराळ्याजवळून जाताना गुऱ्हाळाचा वास आला आणि मी पुन्हा आमच्या मळ्यात जाऊन पोचले. माझा दादा सैन्यात कॅप्टन होता. शांतिसेनेबरोबर आफ्रिकेला निघायची त्याची ती सकाळ. काहिलीतून गोड वाफ उठत होती आणि दादा उसाच्या कांडक्यावर गरम गूळ घेऊन, फुंकर घालत सावकाश खात होता.

"आवर रं, गाडी चुकंल," आई म्हणाली.

"जातो की गं. बसू दे जरा."

किती हा आळशी, असं मला वाटलं. त्याच वर्षी तिकडं गोळीबारात तो गेला.

तेव्हा मी कॉलेजात होते. आता पन्नाशी ओलांडली. वाफेतला तो कोवळा चेहरा हल्ली मला भावाचा वाटतच नाही, मुलाचा वाटतो.