दस्तगीर जमादार आणि चालचलनाचे कागद

ठाण्यात नोकरी केलेला माणूस भेटला की लोक चोरांचे किस्से मागतात. माझ्याकडं चोरांचे फार नाहीत. चोर नसलेल्यांचे मात्र ढीगभर साठलेत. बैठकीत एक सांगून उठावं, तर घर येईपर्यंत आणखी दोन आठवतात.

निजामाच्या राजवटीत उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी मुन्शी होतो. मुन्शी म्हणजे लिहिणारा. नाव महालिंग, पण सगळे आप्पाच म्हणत. तेव्हा शाळेत, दवाखान्यात, नाक्यावर, कुठंही सरकारी जागेवर माणूस घ्यायचा झाला की त्याचा कागद आमच्याकडं यायचा : याचं चालचलन तपासून कळवा. तपास करायचे दस्तगीर जमादार. पन्नाशीचे, उंच, मेंदी लावलेली दाढी. त्यांना सहीपलीकडं काही लिहिता येत नव्हतं. गावोगाव फिरून ते सांगायचे, मी लिहायचो आणि ठाण्याचे मुख्य अमीनसाहेब त्यावर सही करायचे.

*

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. माकणीच्या एका नागनाथचा कागद आला. दवाखान्यात शिपायाची जागा होती. मी सजा झालेल्यांचं रजिस्टर उघडलं. ‘नागनाथ वल्द शिवराम, माकणी. बैलचोरी. सहा महिने.’ नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, गावही जुळलं. मी झोकात लिहिलं, ‘सजायाफ्ता. घेऊ नये.’

जमादारांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. म्हणाले, “रजिस्टरात अंगावरची खूण काय लिवलीय?”

“डाव्या हाताला एक बोट कमी.”

“मग या माणसाची बोटं मोजली का?”

मी रजिस्टर मिटलं. ते माकणीला गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. उमेदवाराची दहाही बोटं शाबूत होती. बैलचोर नागनाथ चार वर्षांमागं पटकीच्या साथीत गेला होता आणि पाटलाच्या मयतीच्या वहीत तशी नोंद होती.

“आप्पा,” जमादार शांतपणे म्हणाले, “मेलेला माणूस नोकरी मागतोय असं तुमी सरकारला कळवनार व्हता.”

*

दुसऱ्या एका गावात शाळेच्या राखणदाराचा तपास होता. मी सोबत होतो. उमेदवाराच्या शेजाऱ्यानं आम्हाला वाटेतच गाठलं.

“त्याला घेऊ नका. लई चोर हाय.”

“काय चोरलं त्यानं?” जमादारांनी विचारलं.

“माझा बांध. दर साली वीतभर सरकवतो.”

जमादारांनी मान हलवली. मग त्याच्या पोरीबाळींची चौकशी केली, पाऊसपाण्याचं विचारलं. बोलता बोलता विचारलं, “मागं तुमी थोरल्या लेकीच्या लग्नाला गुलबर्ग्याकडं गेला व्हता म्हणं. घरदार सगळं?”

“व्हय, आठ दिवस.”

“घराची किल्ली कुनापाशी ठेवली व्हती?”

तो माणूस जरा वेळ पागोट्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “त्याच्यापाशीच की. दुसऱ्या कुनावर भरवसा ठेवावा?”

परत येताना जमादारांनी मला मजकूर सांगितला : बांधावरून भांडणारा शेजारीही किल्ली याच्याकडेच देतो. मी तो जसाच्या तसा उर्दूत उतरवला. राखणदाराला जागा मिळाली. बांधाचं भांडण पुढंही चालूच होतं.

*

येडशी स्टेशनावर पॉइंट्समनची, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्याची, जागा निघाली. विठोबा नावाच्या एका तरुणानं अर्ज केला. ‘कधी अटक झाली होती काय?’ या सवालापुढं त्यानं ‘नाही’ लिहिलं होतं. गावात मात्र ज्याला विचारावं तो सांगे, हा हद्दीपलीकडं इंग्रजांच्या ठाण्यात आत जाऊन आलाय.

जमादारांनी विठोबाला बोलावलं. त्यानं सगळं सांगून टाकलं. बाजारात कुणाचा तरी बटवा मारला गेला तेव्हा पोलिसांनी सगळ्यांबरोबर त्यालाही धरलं, दोन दिवस ठेवलं आणि सोडलं.

“मग ‘न्हाय’ का लिवलं?”

“‘व्हय’ लिवलं तर कोन नोकरी देतंय?”

“धरलं म्हंजे सजा झाली न्हाय,” जमादार म्हणाले. “पन लपवलं, ही लबाडी झाली. नवा कागद लिव.”

त्यानं नवा कागद लिहिला. पण सोडून दिल्याचा पुरावा हवा होता, म्हणून आम्ही दोघं हद्दीपलीकडच्या त्या ठाण्यात गेलो. तिथल्या कारकुनानं जमादारांच्या पोशाखाकडं बघितलं आणि म्हणाला, “निजामाचा हुकूम इथं चालत नाही.”

जमादार बाहेर ओसरीवर बसले. दुपार झाली, उन्हं कलली. मी दोनदा म्हटलं, चला. ते हलले नाहीत. शेवटी कारकूनच बाहेर आला. “अहो, तुम्हाला हवंय तरी काय?”

“हुकूम द्यायला आलो न्हाय, साहेब. तुमच्याच वहीतली एक ओळ मागायला आलोय. त्या ओळीवर एका मानसाची जिंदगी अडलीय.”

कारकून आत गेला आणि ओळ लिहून घेऊन आला : ‘संशयावरून धरले, पुरावा नाही, सोडून दिले.’ पुढं कितीतरी वर्षं येडशीला गाडी आली की विठोबा हिरवं निशाण घेऊन उभा दिसायचा.

*

काशीबाईची गोष्ट वेगळी. ती बायकांच्या दवाखान्यात दाईच्या हाताखाली काम मागत होती आणि तिचं नाव रजिस्टरात होतं. नाव, गाव, खूण, सगळं तिचंच. चोरी, पंधरा दिवस सजा. ती ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. “तेवढी एक ओळ गाळा, दादा.”

मला दया आली. मी जमादारांना म्हटलं, “जुनी गोष्ट आहे. सोडून देऊ.”

“न्हाय,” ते म्हणाले. “खरं हाय ते लिवायचं. पन अर्धं लिवायचं न्हाय.”

ते तिच्यासमोर बसले आणि एकेक विचारत गेले. दुष्काळाचं साल. नवरा मेलेला. घरात तीन लेकरं. मालकाच्या पेवातून पायलीभर ज्वारी काढली. त्याला बारा वर्षं झाली. त्यानंतर तिनं गावातल्या चाळीस बाळंतिणींची घरं सांभाळली, कुणाची चिंधीसुद्धा गेली नाही. माझा कागद दोन्ही बाजूंनी भरला.

डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि काशीबाईला बोलावून घेतलं. नुसतं एवढंच विचारलं, “लेकरं जगली का?”

“दोन जगली,” काशीबाई म्हणाली.

“उद्यापासून ये.”

*

एकदा करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, जागा निघाली. उमेदवार खुद्द अमीनसाहेबांचा भाचा. त्याला सजा झालेली होती, आणि तीही नाक्यावरून तंबाखू चोरून नेल्याची! जमादारांनी तसा कागद केला. अमीनसाहेबांनी त्यांना आत बोलावलं.

“हा माझा कोण आहे, मालूम आहे ना?”

“मालूम हाय, साहेब. म्हणूनच दोनदा तपासलं.”

अमीनसाहेबांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी सही केली. पुढचे दोन महिने जमादार साहेबांच्या हुकमानं दर आठवडी बाजारात भर उन्हात पहाऱ्याला उभे होते. त्याबद्दल मला ते एक अक्षर बोलले नाहीत.

*

पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. नवे साहेब आले. जुन्या नोकरांपैकी कोण ठेवायचं, कोण काढायचं, याचा तपास सुरू झाला. एका सकाळी माझ्यापुढं कागद आला : दस्तगीर जमादार, चालचलन तपासून कळवा. त्या दिवसांत नुसतं ते नाव वाचूनच काही जण मान फिरवायचे.

मी नव्या साहेबांबरोबर तीन गावं फिरलो. साहेब प्रत्येक गावात विचारायचे, “यांच्याविरुद्ध कुणाची तक्रार आहे का?” दोन गावांत कुणी बोललं नाही. तिसऱ्या गावात एक जण उठला.

“हाय. माझ्या मेव्हण्याला नोकरी लागू दिली न्हाय.”

“का?”

“मेव्हणा दरोड्यात व्हता.”

साहेबांनी तिथंच घोड्याचा लगाम वळवला. जमादार नोकरीत राहिले.

त्यांचा कागद बांधून ठेवायला मी जुन्या कागदांचं दफ्तर सोडलं, तर त्यात माझ्याच नावाचा कागद निघाला. मला नोकरीत घेताना केलेला तपास. अक्षर आधीच्या मुन्शीचं, खाली जमादारांची सही. ‘उमेदवार सोलापुरास शिकत असता मनाई असलेले गाणे म्हटल्याबद्दल आठ दिवस कोठडीत होता. त्याने हे सांगितलेले नाही. जमादाराचे मत : घ्यावा. भ्यालेला माणूस लिहिताना चुका कमी करतो.’

सात वर्षं मी ही गोष्ट घरच्यांशिवाय कुणाला कळू दिली नव्हती. सात वर्षं त्यांच्यासमोर बसून लोकांची चालचलनं लिहिली होती. कागद घेऊन मी बाहेर आलो. जमादार ओसरीवर पट्टा पुसत बसले होते. मी तो वाचून दाखवला.

“तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?”

“व्हय.”

“मग कधी विचारलं का नाही?”

“तुमी सांगाल म्हणून वाट बघत व्हतो.” त्यांनी पट्टा बाजूला ठेवला. “आता सांगा तर खरं. कोनतं गानं व्हतं?”

मी इकडंतिकडं बघितलं. आसपास कुणी नव्हतं. मी उभा राहिलो आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, जमेल त्या सुरात, म्हणून दाखवलं. जमादार डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी पट्टा पुन्हा हातात घेतला.

मग म्हणाले, “आप्पा, ते आठ दिवस गान्याचे नसतील. सुराचे असतील.”