लोणारच्या तळाशी वायरलेस

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा आमची कंपनी कामठीहून बुलढाणा जिल्ह्यात फ्लॅग मार्चसाठी आली. काम साधं होतं. बाजाराच्या गावांतून रांगेत चालायचं, लोकांना फौज दाखवायची, संध्याकाळी तंबू ठोकायचे. मी वायरलेसवर नायक होतो, गाव जानेफळ. माझ्या हाताखाली लान्स नायक किसन, संग्रामपूरच्या शेतकऱ्याचा मुलगा.

किसन फौजेत आला तो मुलूख पाहायला. भरतीच्या वेळी साहेबालाही त्यानं हेच सांगितलं होतं. पण इथं त्याला स्वतःचा जिल्हासुद्धा पाहता येईना. अमडापूरला टेकडीवर देवीचं देऊळ दिसलं. त्यानं परवानगी मागितली. सुभेदारसाहेब म्हणाले, "कॉलम थांबणार नाही." जानेफळला माझी आई रस्त्याच्या कडेला उभी होती. मलाही रांग सोडता आली नाही. मेहकरला जुन्या धर्मशाळेचे दगडी खांब लांबून दिसले. पुन्हा तेच उत्तर.

"काऊन आलो बे आपन?" किसन चिडून म्हणाला. "मुलूख आपल्याले पाहून राह्यला. आपन काहीच पाहून नाही राह्यलो."

मेहकरला कंपनीचा मुक्काम पडला. डॉक्टर तिथंच होता. सकाळी हुकूम आला: लोणारच्या सरोवराच्या विवरात उतरायचं आणि तळातून मेहकरशी वायरलेस लागतो का ते बघायचं. चहूबाजूंनी उंच कडे, मधे खारं पाणी. मी म्हणालो, "साहेब, खालून लागणार नाही." सुभेदार म्हणाले, "हुकूम आहे." त्यांचंही चुकलं नव्हतं. किसन मात्र खूश होता.

सुभेदार, आम्ही दोघं आणि काही जवान झाडीतून खाली उतरलो. सेट लावला. नुसती खरखर. सुभेदारांनी चहा ठेवायला सांगितला आणि किसनला म्हणाले, "चहा होईपर्यंत बघून ये."

जवळच एक पडकं देऊळ होतं. दर्शनाला आलेली एक म्हातारी तिथं टेकली होती. किसन भिंतीवरच्या मूर्तीला हात लावून ओरडला, "पाह्य ना बे! अंबाड्यातलं एकेक फूल येगळं कोरलं हाय!"

मी सेट सोडून जाऊ शकत नव्हतो.

चुलीतली लाकडं ओली होती. धूर देवळाकडे गेला. शिखराखाली आग्यामोहोळ लटकलं होतं, ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माश्या उठल्या. जवान पाण्याकडे पळाले. म्हातारीला पळता येईना. किसननं आपली पाठीवरची ताडपत्री तिच्यावर टाकली आणि वरून स्वतः पालथा पडला.

घोंगड्या पांघरून सुभेदार आणि मी त्या दोघांना ओढून काढलं. किसनचा चेहरा ओळखू येत नव्हता. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी सेट पाठीवर घेतला आणि कडा चढलो. वर आवाज लागला.

"हॅलो मेहकर. डॉक्टर भेजो. एक जवान सीरियस. ओव्हर."

"पहले टेस्ट रिपोर्ट दो. नीचे से मिला? ओव्हर."

"नहीं मिला. डॉक्टर भेजो. ओव्हर."

"फिर से बोलो. मिला या नहीं? ओव्हर."

"मानूस मरून राह्यला ना बाप्पा!" मी ओरडलो. मग कुठं त्यांनी डॉक्टर पाठवला.

डॉक्टरचा ट्रक आला तोवर जवानांनी किसनला वर आणलं होतं. तो वाटेतच गेला होता. म्हातारी वाचली. तळातून वायरलेस लागत नाही, हे कंपनीला कळलं.

रजा मिळाल्यावर मी संग्रामपूरला गेलो. किसनच्या बाबांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

"लढाईत गेला का?"

"नाही, बाबा. लोणारले."

त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. मग म्हणाले, "त्याले हिंडायचा लय शौक. काय काय पाह्यलं त्यानं?"

सगळा जिल्हा पायाखालून गेला होता, आणि माझ्याजवळ सांगायला एकच पडकं देऊळ होतं. तेवढं सांगितलं. म्हातारीचंही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बैलांना पाणी पाजायला उठले.

युद्ध संपल्यावर ठिकठिकाणी सभांमधून लढाईत पडलेल्या जवानांची नावं घेतली गेली. किसनचं कोणी घेतलं नाही. तो लढाईत पडला नव्हता, असं मला सांगितलं गेलं. मी पुष्कळ भांडलो, उपयोग झाला नाही. आता मला कुठं बोलायला उभं केलं, की मी आधी त्याचंच नाव घेतो. लान्स नायक किसन, राहणार संग्रामपूर. ड्युटीवर असताना लोणारला गेला.